मधला तुकडा

कमळ मोडलं तेव्हा मी फोन आणायला आतल्या खोलीत गेले होते. जानेवारीतला रविवार, सकाळचे अकरा वाजलेले, आणि ओट्यावरच्या जाळीवर ब्रेड अजून चरचरत होता. फोकाचिया, म्हणजे हा सपाट इटालियन ब्रेड, ओव्हनमधून काढला की दोन-तीन मिनिटं त्याच्या बुडाशी तेल बारीक आवाज करत राहतं. तो आवाज मला फार आवडतो. तो ऐकत मी जरा उभी राहिले, मग खिडकीतला उजेड चांगला आहे तोवर फोटो काढून घ्यावा म्हणून आत गेले. परत आले तर ब्रेडच्या बरोबर मधोमध तळहाताएवढा खड्डा. चार कोपऱ्यांतली गाजराची फुलं जागेवर, कांद्याच्या पातीच्या वेली जागेवर, टोमॅटोच्या कळ्या जागेवर. कमळ तेवढं नव्हतं. सुरी लावलेली नव्हती, हातानेच तोडून घेतलेलं होतं. तुटलेल्या कडेतून वाफ निघत होती आणि आतली जाळी उघडी पडली होती. मागचं दार सताड उघडं. बाई, म्हणजे माझ्या सासूबाई, घरात नव्हत्या.

मी काही बोलले नाही. पण त्या दिवशी त्या ब्रेडचा एक घासही माझ्या घशाखाली उतरला नाही.

त्या कमळामागे दोन महिने होते. दिवाळीनंतर आम्ही अजिंठ्याला गेलो होतो. चाळीसगावच्या माणसाला अजिंठा म्हणजे पाहुणे आले की दाखवायची जागा. मीही तिथे चार-पाच वेळा गेलेली. पहिल्या लेण्यात शिरलं की सगळे पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रापुढे जाऊन थांबतात. या वेळी तिथे गर्दी होती, म्हणून मी मागे राहिले आणि मान वर गेली. छत चौकटी-चौकटींमध्ये वाटून घेतलेलं. एका खणात कमळ, दुसऱ्यात फळांचा घोस, तिसऱ्यात कुठला तरी प्राणी, आणि सगळ्यांना बांधून ठेवणाऱ्या वेली. पंधराशे वर्षं झाली त्याला. अंधारात डोळे सरावले तसतसे रंग एकेक करून वर येऊ लागले, गेरूचा लाल, पिवळ्या मातीचा पिवळा, काजळीचा काळा, एक मळकट हिरवा. जवळून जाणारा गाईड त्याच्या माणसांना सांगत होता की इथल्या दगडावर आधी मातीचा गिलावा दिलाय, त्या मातीत भाताचं तूस आणि गवताचे तंतू कालवलेत, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग. मला एकदम माहेरची धुळ्याकडची मातीची भिंत आठवली. तीही अशीच तूस घालून तुडवलेल्या मातीने लिंपायचे. आणि त्याच क्षणी, का ते सांगता येणार नाही, मला आयताकृती ट्रेमध्ये पसरलेलं पीठ दिसलं. हे छत भाकरीवर उतरेल, असं वाटलं.

फोकाचियावर चित्र काढायचं वेड मला 2020च्या टाळेबंदीत लागलं. तेव्हा जगभर लोक घरात बसून ब्रेडवर बागा फुलवत होते. कांद्याची फुलं, पातीचे देठ, मिरच्यांच्या पाकळ्या. कुणी कुणी व्हॅन गॉगची चित्रं उतरवायचे. मीही आधी तेच केलं. सूर्यफुलं जमली, कारण पिवळी ढोबळी मिरची आणि काळे ऑलिव्ह एवढ्यावर ती उभी राहतात. मग 'तारांकित रात्र' करायला घेतलं, आणि तिथे अडले. 1889च्या जूनमध्ये सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना त्याने ते आभाळ रंगवलं, आणि ते सगळं निळ्यावर उभं आहे. भाजीत निळा नाही. जांभळा आहे, कोबीचा, कांद्याचा, पण निळा नाही. कुंपणावरच्या गोकर्णाची फुलं उकळून त्या पाण्यात मी पीठ भिजवलं. कच्चं असताना काय सुंदर दिसत होतं! भाजल्यावर राखाडी झालं. अजिंठ्यातही तीच गोष्ट आहे बघा. बाकीचे रंग आसपासच्या मातीतून आणि दगडातून मिळालेले, निळा मात्र लाजवर्दाचा, अफगाणिस्तानच्या खाणींतून व्यापाऱ्यांच्या हाती आलेला. निळ्यासाठी माणसाला पहिल्यापासून लांब जावं लागलंय. मी ठरवलं, आपण लांब जायचं नाही. चाळीसगावच्या बाजारात जे मिळतं तेवढ्यात चित्र बसवायचं.

आणि जानेवारीत आमच्याकडे काय मिळत नाही! कोवळी पात, लालबुंद गाजरं, गावठी टोमॅटो, हिरव्यागार मिरच्या, भरताची लांबोळकी हिरवी वांगी. थंडीत पीठही शहाण्यासारखं वागतं. मे महिन्यात खान्देशात चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांत यीस्ट असं उसळतं की पाऊण तासात पीठ भांड्याबाहेर येतं आणि चव अशी काही धरतच नाही. थंडीत रात्रभर ओट्यावर झाकून ठेवलं की सकाळी त्याला ताकासारखा मंद आंबूस वास येतो. अर्धा किलो मैद्याला चारशे ग्रॅम पाणी घेते मी. पीठ इतकं सैल होतं की पहिल्यांदा करणाऱ्याला वाटावं, बिघडलं. मळायचं नाही, ओल्या हाताने चारी बाजूंनी ओढून घड्या घालायच्या, अर्ध्या तासाने पुन्हा, पुन्हा. चौथ्या वेळेला ते पातेल्यात थुलथुलीत पण एकसंध होऊन बसतं.

पहिल्यांदा मी असं पीठ भिजवलं तेव्हा बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी न विचारता त्यात हात घातला, बोटाने उचललं, ते लांबच लांब ताणलं गेलं, तुटलं नाही. "हाई तं मांडासनं पीठ शे," त्या म्हणाल्या. मांड्यांचंच पीठ. मी चकितच झाले. इटलीच्या जेनोआत ज्याला 'फुगास्सा' म्हणतात, तिथले लोक सकाळी कॉफीत बुडवून खातात, त्या ब्रेडचं पीठ आमच्या बाईंनी बोटाच्या एका टोकाने ओळखलं. खापरावरच्या पुरणपोळीसाठी त्या कणीक अशीच पाणी लावून लावून तिंबतात, आपटतात, आणि मग तो पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवतात. पालथ्या खापरावर पडेपर्यंत तो मांडा हवेतच मोठा होत असतो. मला ते अजून जमत नाही. फोकाचिया या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला चुलीचा शब्द आहे. बाईंना हे सांगितल्यावर त्यांनी नुसतीच मान हलवली, जणू चूल नाही तर आणखी कुठून येणार भाकर.

तर ते छत. मी कागदावर चौकटी आखून घेतल्या. वेलींसाठी पात. कोथिंबीर वापरून पाहिली होती, ती दहा मिनिटांत काळी पडून राख होते. तिला आधी पाण्यात भिजवून, मग तेलात बुडवून, पिठात खोल दाबून बसवली तरच टिकते, आणि तरीही तिचा हिरवा शेवटी मेंदीवर जातोच. कांद्याचा रंग भाजताना फिका पडून मळकट होतो, पण अर्धा तास लिंबाच्या पाण्यात ठेवला तर आंबटाने तो गुलाबी धरून ठेवतो. हे मला तिसऱ्या-चौथ्या ब्रेडनंतर कळलं. कमळ कांद्याचंच केलं. मधले मऊ पापुद्रे काढून टाकले, बाहेरचे जाड घेतले, प्रत्येक पाकळी टोकाशी सुरीने निमुळती केली. छतावरच्या कमळाला पाकळ्यांची वलयंच्या वलयं आहेत. माझ्या ट्रेवर आठ बसल्या. मध्ये पिवळ्या मिरचीची गोल चकती, तिच्यावर तिळाचे ठिपके. मग दहाही बोटं तेलात बुडवून पिठात तळापर्यंत खळगे पाडले, पाकळ्यांच्या मधून मधून, चित्राला धक्का न लावता. हे खळगे केले नाहीत तर आतली हवा एका जागी जमून पीठ फुग्यासारखं वर येतं आणि चित्र फाटतं. खळग्यांत तेल आणि मिठाचं पाणी साचतं, आणि तिथेच भाजल्यावर सगळ्यात चांगली चव उतरते. तेल शेंगदाण्याचं. ऑलिव्ह तेलाने खरी चव येते हे मला माहीत आहे, पण घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा जो वास दोनशे वीस अंशांवर घरभर सुटतो, तो आमच्या घराचा वास आहे.

बोटांनी खळगे पाडताना मला नेहमी सारवण आठवतं. माझी आई अंगण सारवायची तेव्हा तिच्या चार बोटांच्या कमानी एकीला एक लागून उमटत जायच्या, आणि वाळल्यावर तिरप्या उन्हात त्या दिसायच्या. मोठी झाल्यावर कळलं की अजिंठ्याच्या गिलाव्यातही शेण आहे. आईने ते अंगण कधी जपलं नाही. संध्याकाळपर्यंत त्यावरून दहा माणसं, दोन बैल, कोंबड्या जाऊन यायच्या आणि पुढच्या आठवड्यात ती पुन्हा बसायची, बादली घेऊन.

मला मात्र जपायचं होतं. हे लिहिताना मी ते कबूल करते. माझ्या फोनमध्ये ब्रेडचे शेकडो फोटो आहेत. भाजण्याआधीचा, भाजल्यानंतरचा, कापण्याआधीचा. चित्र ओव्हनमध्ये ढकलताना दरवेळी पोटात गोळा येतो, कारण आत गेलेलं चित्र बाहेर येत नाही. त्याच्यासारखं दुसरंच काही तरी बाहेर येतं. रेषा पसरलेल्या, फुलं तिरकी झालेली, एखादी वेल पिठाने गिळलेली. कधी त्याच्याहून देखणं, कधी ओळखू न येणारं. म्हणून फोटो.

भुसावळला माझी मावशी राहते. तिच्याकडे गेले की मला रॉबर्ट गिल आठवतो, कारण तो तिथे पुरलेला आहे. मद्रासच्या फौजेतला हा अधिकारी, 1844 साली कंपनी सरकारने त्याला अजिंठ्याची चित्रं उतरवून घ्यायच्या कामावर नेमलं. तो आला आणि इथलाच झाला. वर्षानुवर्षं त्या अंधारात, वटवाघळांत, तापात, मशाल-आरशांच्या उजेडात त्याने कॅनव्हासवर कॅनव्हास रंगवले. लंडनला पाठवले. तिथे सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ते टांगले, आणि 1866च्या डिसेंबरात आग लागून जवळजवळ सगळे जळाले. नंतर मुंबईच्या जे. जे. कला शाळेच्या ग्रिफिथ्सने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी 1872पासून पुन्हा सगळं उतरवायला घेतलं, बारा-तेरा वर्षं खपून, आणि त्यांतलीही बरीच चित्रं 1885मध्ये लंडनमध्येच जळाली. जपण्यासाठी नेलेली चित्रं आगीत गेली. दगडाच्या पोटात, मातीवर, ओलीत आणि वटवाघळांत सोडलेली मूळ चित्रं, पोपडे निघाले तरी, अजून आहेत. गिल 1879मध्ये वारला. 1866च्या आगीची बातमी कळल्यावर त्याला कसं वाटलं असेल, हा विचार मी पुष्कळदा करते. इतक्या वर्षांचं काम करून हात रिकामे राहिलेला माणूस मग सकाळी उठून काय करत असेल? गिलने पुन्हा रंग घेतले होते. कॅमेरा तर त्याने आगीच्या आधीच हाती घेतला होता.

आमच्या गावात स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आहे, आता तिथे त्यांचं कलादालन आहे. शाळेच्या सहलीत मी ते पहिल्यांदा पाहिलं. विलायतेत शिकून आलेला हा पारशी माणूस 1989मध्ये जाईपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षं त्या घराबाहेर फारसा पडलाच नाही. घरातल्या घरात, टेबलावर, साध्यासुध्या वस्तू मांडून ते अशी छायाचित्रं काढायचे की समोर डोंगर आहे, बर्फ आहे, वाट आहे असं वाटावं. टेबलटॉप म्हणतात त्या प्रकाराला. मी नववीत होते. बाईंनी, म्हणजे आमच्या शाळेतल्या बाईंनी, सांगितलं की हा देखावा कुठेच नाही, हा याच खोलीत एका टेबलावर होता, आणि फोटो झाल्यावर उचलून ठेवला गेला. माझ्या अंगावर काटा आला होता. एक अख्खा डोंगर उचलून ठेवला. गावात असंही सांगतात की त्यांची प्रेयसी मुंबईहून येईल म्हणून ते रोज गाडीच्या वेळेला दोघांचं जेवण मांडून वाट बघायचे. रोज मांडलेलं ते ताट मला त्यांच्या छायाचित्रांइतकंच आठवतं. त्याचा फोटो मी कुठे पाहिला नाही.

बाई त्या रविवारी अर्ध्या तासाने परत आल्या. पदराने हात पुसत म्हणाल्या, "मोठमायले दी वनू." मोठमाय म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारी म्हातारी, कुणाचीच सख्खी नाही आणि सगळ्यांचीच मोठमाय. नव्वदीच्या आसपास असेल. तोंडात दात नाही, दोन्ही डोळ्यांना अंधूक. मी म्हटलं, "बाई, कडेचा तुकडा नेला असतात तरी चाललं असतं ना." माझा आवाज मला हवा तेवढा साधा निघाला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ब्रेडकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "काठ कडक शे वं पोरी. तिना तोंडमा दात कोठे शेतस? मझारनं नरम व्हतं, म्हनीसन तेच लई गऊ."

मग त्यांनी वांगी भाजायला घेतली.

त्यांचं बरोबर होतं, यात शंकाच नव्हती. फोकाचियाचा काठ खरपूस होतो, मध्य मऊ राहतो. मीच तो तसा भाजला होता. तरीही मला ते दिवसचे दिवस लागत राहिलं. मोडण्याचं दुःख मला फारसं नव्हतं. कापायचं तर होतंच, तासाभराने मीच सुरी घेतली असती. सलत होतं ते हे की त्यांना तिथे कमळ दिसलंच नाही. दोन महिने जे माझ्या डोळ्यांपुढे होतं त्यात त्यांनी नरम आणि कडक एवढंच पाहिलं. आणि याच बाई कानबाईच्या वेळी घरातल्या माणसांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू मोजून घेतात, देवीला फुलांनी आणि दागिन्यांनी अशी सजवतात की बघत राहावं, आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर नेऊन पोचवून येतात. डोळे पुसतात आणि घरी येऊन भांडी घासायला बसतात. त्यांना सुंदर कळत नाही असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? मग त्या रविवारी काय झालं होतं? की भाकरीवरचं चित्र त्यांच्या लेखी चित्रच नव्हतं, जसं मांड्यावर उठलेले तपकिरी चांदवे चित्र नसतात?

व्हॅन गॉगने 1885मध्ये बटाटे खाणाऱ्या शेतकऱ्यांचं ते अंधारलेलं चित्र काढलं तेव्हा भावाला लिहिलं होतं की ज्या हातांनी ही माणसं ताटातले बटाटे उचलतायत त्याच हातांनी त्यांनी जमीन खणली आहे, हे मला दाखवायचं होतं. मी त्याची सूर्यफुलं भाकरीवर काढली, त्याचं आभाळ काढायचा प्रयत्न केला. ते चित्र मात्र मला कधी घ्यावंसं वाटलं नाही. त्यात रंग नाहीत म्हणून. सालासकटच्या धुळकट बटाट्याचा रंग सगळा. त्या आठवड्यात मी ते पुन्हा काढून पाहिलं, आणि वांगी भाजून हाताने साल काढणाऱ्या बाईंची काळी पडलेली बोटं पाहिली.

पुढच्या शुक्रवारी, बाईंनी तुकडा नेला होता ती वाटी आणायला मी मोठमायकडे गेले. आमच्याकडे वाटी रिकामी परत करत नाहीत, म्हणून ती पाठवायची राहून गेली होती. तिने आत बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, भरून ठेवले होते, वर कागद झाकून. ती ओट्यावर उन्हात बसली होती. मी आवाज दिला तसं तिने हात पुढे करून माझा चेहरा चाचपला, कपाळ, गाल, हनुवटी, आणि मी कोण ते ओळखलं. मग तो हात तिने तसाच हवेत उघडा धरला, तळवा वर, बोटं जराशी वाकवून.

"मझारमा कमय व्हतं ना वं?" ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

"आठ पाकया व्हत्यात. एक एक करीसन खादी मी. कांदानी व्हत्यात, पन गोड लागन्यात." ती दुसऱ्या हाताच्या बोटाने तळव्यावर पाकळ्या दाखवत होती, एक इथे, एक इथे, एक इथे, गोल. बरोबर मी बसवल्या होत्या तशा. चौथ्या पाकळीपाशी जरा थांबली. ती पाकळी भाजताना तिरकी झाली होती, हे मला आठवत होतं. मला वाटत होतं ते फक्त मलाच माहीत आहे.

"आखो कव्हय करशी?"

मी तिला रविवार सांगितला. घरी येऊन बिबडे डब्यात भरले, वाटी धुतली. बाई कणीक तिंबत होत्या, त्यांना काही सांगितलं नाही. शनिवारी रात्री पीठ भिजवलं, अर्धा किलोला चारशे ग्रॅम पाणी. कांदे मोठे बघून निवडले. या वेळी दुसरं वलय बसवता येतंय का ते पाहायचं होतं, बाहेर सोळा पाकळ्या, आत आठ, आणि पाकळ्या जाड कापायच्या, बोटाला लागतील अशा.